रशियातल्या स्वस्त शहरात राहायला जायचंय? आधी कागदाचं बघा, मग घराचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं तिघांचं कुटुंब, नवरा घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला, बायको सध्या नोकरीत नाही, मुलगी दुसरीत. महिन्याला लाखभर रुपये खर्चायची तयारी. व्हिडिओत बघितलंय की मॉस्को सोडलं तर रशियात पंचवीस हजारांत हीटिंगसकट फ्लॅट मिळतो, एक अमेरिकन कुटुंब तसं जाऊन राहिलंयसुद्धा, तर आम्ही कुठलं शहर घ्यावं? शिवाय एक एजंट तीन लाखात "सगळं करून देतो" म्हणतोय.

मी मूळची सांगलीची, रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकले आणि बरीच वर्षं निझनी नोवगोरोदला राहून भाषांतराची आणि परदेशी लोकांच्या कागदपत्रांची कामं करते. म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

व्हिडिओ खोटा नाहीये. सध्या रुबल आणि रुपया जवळजवळ एकाच भावात आहेत, थोडं इकडेतिकडे, त्यामुळे हिशोब करायला डोकं लावावं लागत नाही. निझनीत मध्यवर्ती भागात बऱ्या बिल्डिंगमधला एक खोली-किचन, ज्याला इथे अद्नुश्का म्हणतात, तो ३५-४० हजारांना जातो आणि नदीपलीकडे अवतोझावोद किंवा सोर्मोवोकडे जुन्या बिल्डिंगमध्ये २२-२८ हजारांत मिळून जातो. लाइट-पाणी-हीटिंगचं बिल उन्हाळ्यात चार हजार, थंडीत सात-आठ. घरचं वायफाय सहा-सातशे. तिघांचं खाणंपिणं घरी करून चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे लाखात बसतं, अगदी ऐषआरामात नाही पण बसतं. इथपर्यंत व्हिडिओवाला बरोबर.

पण तो जे सांगत नाही ते हे, की तो स्वतः कुठल्या कागदावर तिथे राहतोय. रशियात शहर नंतर ठरतं, आधी ठरतं की तुम्ही कुठल्या स्टेटसवर राहणार, आणि त्यावरून बऱ्याचदा शहर आपोआपच ठरून जातं. तो अमेरिकन बहुतेक ऑगस्ट २०२४ च्या ७०२ नंबरच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर आलाय. "पारंपरिक रशियन मूल्यं मान्य असलेल्या" परदेशी लोकांना त्यात कोटा नाही, भाषेची परीक्षा नाही, थेट तात्पुरत्या निवासासाठी अर्ज करता येतो. फक्त त्याला देशांची यादी आहे आणि त्या यादीत अमेरिका, युरोपातले देश असे रशियाने "अमैत्रीपूर्ण" ठरवलेले देश आहेत. भारत मित्र आहे ना, म्हणून भारत यादीत नाही! हा विनोद नाही, खरंच असं आहे, आणि आपल्याकडची कितीतरी मंडळी तेच व्हिडिओ बघून मला विचारतात की आम्हालाही मूल्यं मान्य आहेत, आम्ही तर शाकाहारी आहोत, दारूपण पीत नाही. उपयोग नाही.

मग आपल्याला काय उरतं ते बघू.

ई-व्हिसा आहे. २०२३ पासून भारतीयांना मिळतो, घरबसल्या, इन्व्हिटेशन लागत नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून त्यावर ३० दिवस राहता येतं, आधी १६ होते. वाढवून मिळत नाही, काम करता येत नाही. राहायला जाण्यासाठी हा बिनकामाचा, पण शहर बघून यायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, त्यावर पुढे बोलते.

बिझनेस व्हिसा वर्षाचा मिळू शकतो, पण १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं, म्हणजे अर्धं वर्ष बाहेर. मुलीची शाळा असताना हे करणार कसं?

नोकरीचा रस्ता म्हणजे तिथल्या कंपनीने तुम्हाला "उच्च पात्रता तज्ज्ञ" म्हणून घेणं. परमिट तीन वर्षांपर्यंतचं, कुटुंब सोबत नेता येतं, सगळ्यात सुटसुटीत हेच. पण २०२४ च्या मार्चपासून त्याला तिमाहीला किमान ७,५०,००० रुबल पगार लागतो, म्हणजे महिन्याला अडीच लाख, आणि छोट्या शहरातली कंपनी एवढा पगार परदेशी माणसाला क्वचित देते. मोठी शहरं आणि त्यातही मॉस्को, तिथेच हे जास्त चालतं. म्हणजे बघा, स्वस्त शहर हवं म्हणून निघालात आणि कागद तुम्हाला महागड्या शहराकडे ओढतोय.

तात्पुरता निवास परवाना, इथल्या बोलीत एर-वे-पे, तीन वर्षांचा असतो आणि तो वाढवून मिळत नाही. त्याचा कोटा दरवर्षी सरकार जाहीर करतं, अख्ख्या देशाला मिळून काही हजार, आणि तो प्रदेशानुसार वाटलेला असतो. ज्या प्रदेशात मिळाला तिथेच राहायचं आणि तिथेच नोकरी करायची. त्याआधी रशियन भाषा, इतिहास आणि कायद्याची मिळून एक परीक्षा द्यावी लागते. कायमचा परवाना त्यानंतर. रशियन मुलीशी लग्न केलेले पण मला येऊन विचारतात की आता लगेच मिळेल ना, तर तिथेही नियम आवळलेत, नुसतं मॅरेज सर्टिफिकेट दाखवून होत नाही आता.

आणि शेवटचा, जो मी तुमच्यासारख्यांना खरंतर सगळ्यात आधी सांगते, तो म्हणजे शिक्षणाचा. युनिव्हर्सिटीत एक वर्षाचा पूर्वतयारीचा कोर्स असतो, पोदफाक म्हणतात, त्यात वर्षभर नुसतं रशियन शिकवतात. तिशी-पस्तिशीची माणसंही घेतात. फी साधारण दीड ते अडीच लाख रुबल, शहराप्रमाणे. युनिव्हर्सिटी स्वतः इन्व्हिटेशन काढते, स्वतः तुमची नोंदणी करते, हॉस्टेल देते. पुढे फुलटाइम डिग्री किंवा मास्टर्सला गेलात तर २०२३ पासून शिक्षणासाठीचा वेगळा निवास परवाना निघालाय, तो शिक्षण संपल्यावरही १८० दिवस चालतो आणि तेवढ्यात कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो. लांबचा रस्ता आहे पण सरळ आहे. अडचण एकच, विद्यार्थी व्हिसावर बायको-मुलीला सोबत ठेवणं सोपं नाही, त्या बिचाऱ्या टुरिस्टवर येत-जात राहणार. म्हणून पहिलं वर्ष एकट्याने जायची तयारी असेल तरच.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही लिहिलंय "कंपनी रिमोट आहे, कुठूनही चालतं". हे कंपनीकडून लेखी घ्या. क्लायंट अमेरिकेतला किंवा युरोपातला असेल तर रशियाच्या आयपीवरून लॉगिन झालं की लॅपटॉप लॉक होतो, सिक्युरिटीचा मेल येतो आणि एचआर विचारतं तुम्ही नक्की कुठे आहात. व्हीपीएन लावून लपवू म्हणाल तर तो नोकरी घालवायचा धंदा आहे. शिवाय वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही इथले रहिवासी. इथल्या तरुण लोकांचा आवडता "समोझान्याती" म्हणजे स्वयंरोजगारवाला सोपा टॅक्स आपल्याला लागू नाही, त्यामुळे त्याचेही व्हिडिओ बघून हुरळू नका.

पैशाचं: आपलं व्हिसा-मास्टरकार्ड २०२२ च्या मार्चपासून रशियात चालत नाही, कुठेच नाही, एटीएममध्येही नाही. म्हणजे पहिले काही आठवडे रोख. इथे एक गोष्ट आपल्याकडच्या फॉरेक्सवाल्यांना बऱ्याचदा माहीत नसते. बहुतेक देशांना जाताना एका ट्रिपला ३००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमात रशिया आणि सीआयएस (जुन्या सोव्हिएत संघातल्या) देशांसाठी वेगळी तरतूद आहे, तिकडे जाताना वार्षिक मर्यादेतली पूर्ण रक्कमही नोटांत घेता येते. नियमाचं पान प्रिंट काढून न्या, काउंटरवरचा मुलगा "सिस्टीम घेत नाही" म्हणेलच. रशियात उतरताना १०,००० डॉलरच्या वर असेल तर कस्टमला डिक्लेअर करायचं. आणि नोटा कोऱ्या घ्या, पेनाचा टिपका, शिक्का, घडीवर चिरलेली असं काही नको. मॉस्कोत चालवून घेतील, पण प्रांतातल्या बँकेत खिडकीमागची बाई नोट दिव्याखाली धरते, उलटीपालटी करते आणि परत सरकवते, वर तोंडाने एक शब्द नाही.

पुढे खातं उघडून मीर, म्हणजे रशियाचं स्वतःचं बँक कार्ड, मिळालं की जीव भांड्यात पडतो. भारतातून पैसे मागवायला स्बेरबँकेच्या दिल्ली-मुंबईत शाखा आहेत, पण आपल्या बाजूची बँक रशियाचं नाव काढलं की सँक्शन्सच्या भीतीने टाळाटाळ करते, म्हणून निघायच्या आधी एक छोटी रक्कम पाठवून बघा, गेल्यावर नको.

सिम कार्डावर एक वेगळा परिच्छेद लिहिते कारण इथेच नवीन माणूस सगळ्यात जास्त वैतागतो. १ जानेवारी २०२५ पासून परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवून सिम मिळत नाही. आधी स्निल्स नावाचा विमा नंबर काढायचा, मग गोसउस्लुगी या सरकारी पोर्टलवर खातं उघडून ते कन्फर्म करून घ्यायचं, मग बँकेत जाऊन चेहरा आणि आवाजाची बायोमेट्रिक नोंद, आणि मग मोबाइल कंपनीच्या दुकानात स्वतः जाऊन, फोनचा आयएमईआय देऊन सिम. याच क्रमाने. एक पायरी राहिली की पुढची अडते. आणि नंबर नसेल तर टॅक्सीचं ॲप नाही, ओझोन-वाइल्डबेरीजवरून सामान नाही, काहीच नाही. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवून काम भागवू म्हणाल तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून परदेशी सिमला देशात शिरल्यावर पहिले २४ तास मोबाइल नेट आणि एसएमएस बंद असतात. हे युक्रेनच्या ड्रोनच्या भीतीमुळे केलंय. तेव्हा घराचा पत्ता, घरमालकाचा नंबर, तिकिटं, सगळं कागदावर छापून घ्या. तरीही भारतीय सिम चालू ठेवाच, नाहीतर भारतातल्या बँकांचे ओटीपी येणार नाहीत.

आता घर. अविटो आणि त्सियान, या दोन साइटवर सगळं असतं. जाहिरातीत "फक्त स्लाव्ह लोकांना" (म्हणजे रशियन वगैरे वंशाच्या) असं लिहिलेलं दिसेल, सरळसरळ. वाईट वाटून घेऊ नका, पुढची जाहिरात बघा, वाद घालायला वेळ नाही आपल्याकडे. फोन कुणीतरी रशियन बोलणाऱ्याने केलेला बरा. एक महिन्याचं डिपॉझिट, एजंट असेल तर अर्ध्या ते पूर्ण भाड्याइतकी दलाली. पण खरा प्रश्न भाड्याचा नाहीच. खरा प्रश्न हा की घरमालक तुमची नोंदणी करून देणार का. तुम्ही आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कुठे राहताय याची नोंद व्हावी लागते, आणि ती तुम्ही नाही करत, ज्याच्याकडे राहता तो करतो. हॉटेल आपोआप करतं. घरमालक मात्र घाबरतात. त्यांना वाटतं परदेशी माणसाची नोंद केली की घरावर त्याचा हक्क लागला, किंवा टॅक्सवाले भाड्याचं विचारतील. (दुसरी भीती खरी असू शकते, पहिली अजिबात नाही.)

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. गल्लीतल्या कुठल्याही एमएफसीत, म्हणजे आपल्या सेतू केंद्रासारख्या पण स्वच्छ आणि टोकनवाल्या ऑफिसात, घरमालकीण बाई आपला पासपोर्ट आणि घराचा उतारा घेऊन बसलेली असते, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी फॉर्म भरते, एका चौकोनात एक अक्षर, कॅपिटलमध्ये, खाडाखोड झाली की नवीन फॉर्म. सोबत भाडेकरूचा पासपोर्ट, व्हिसा, आणि एअरपोर्टवर दिलेलं मायग्रेशन कार्ड, जे चिठ्ठीएवढं असतं आणि लोक बोर्डिंग पाससोबत फेकून देतात. (फेकू नका, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, बाहेर जाताना तेच परत द्यायचंय.) बाई तीनदा विचारते की हे तात्पुरतंच आहे ना. काउंटरवरची मुलगी न बघता "तात्पुरतं, बाबुश्का (आजी), तारीख संपली की आपोआप जातं" म्हणते, शिक्का मारते, खालचा भाग फाडून भाडेकरूला देते. तो फाडलेला तुकडा म्हणजे तुमचं तिथलं अस्तित्व. बँक, स्निल्स, सिम, सगळीकडे तोच मागतात. देशाबाहेर जाऊन परत आलात की हे सगळं पुन्हा, आणि मध्ये दुसऱ्या गावी हॉटेलात राहिलात तरी परत आल्यावर पुन्हा करून घेतलेलं बरं. अविटोवर "नोंदणी करून देतो, ५ हजार" असे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जिथे राहत नाही तिथली खोटी नोंद हा इथे फौजदारी गुन्हा आहे. आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून ज्यांचे कागद संपलेत अशा परदेशी लोकांचं वेगळं रजिस्टर सुरू झालंय, त्यात नाव गेलं की खातं गोठतं, गाडी चालवता येत नाही, लग्नसुद्धा लावता येत नाही.

म्हणून घर बघताना पहिलं वाक्य हेच, "रेगिस्त्रात्सिया कराल का?" नाही म्हणाले तर फ्लॅट कितीही गोड असला तरी फोन ठेवा.

कागदांत अजून एक खास आपली मराठी भानगड आहे. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडलांचं नाव एकत्र असतं. रशियनांनाही वडलांचं नाव लावायची पद्धत आहे, त्यामुळे एखादा क्लार्क ते तिकडच्या पितृनामाच्या रकान्यात टाकतो, दुसरा पहिल्या नावाचाच भाग धरतो, आणि बायकोच्या पासपोर्टवर लग्नानंतर नवऱ्याचं नाव असेल तर अजून मजा. त्यात रशियन लिपीत ज्ञानेश्वर तीन जण तीन प्रकारे लिहितील. व्हिसावर रशियन लिपीत जे स्पेलिंग आलंय तेच शेवटपर्यंत धरा. पासपोर्टचं नोटराइज्ड भाषांतर, डिग्री, जन्मदाखला, सगळं त्याच स्पेलिंगमध्ये, एकाच भाषांतरकाराकडून. एका अक्षराच्या फरकाने बँकेतलं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळलं नाही की सिमची सगळी साखळी तुटते. डिग्री आणि दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, भारतातूनच करून आणा, भाषांतर मात्र रशियात करा, इथला नोटरी भारतातलं भाषांतर बहुतेक घेत नाही.

९० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर बोटांचे ठसे आणि मेडिकल पण आहे, एचआयव्ही, टीबी, सिफिलिस, कुष्ठरोग, ड्रग्ज एवढ्याची तपासणी. अर्ध्या दिवसाचं काम.

शहरांकडे येते, कारण विचारलं तेच होतं.

युक्रेनच्या सीमेजवळची सोडून द्या. बेल्गोरोद, कुर्स्क, ब्र्यान्स्क, कितीही स्वस्त असली तरी नको. कुर्स्कच्या मेडिकल युनिव्हर्सिटीत आपली मुलं वर्षानुवर्षं जातात हे खरं, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या प्रदेशात युक्रेनचं सैन्य शिरलं होतं. व्होरोनेझ सुंदर शहर आहे, पण त्याचा एअरपोर्ट २०२२ च्या फेब्रुवारीपासून बंद आहे. ड्रोनचा त्रास आता व्होल्गाच्या शहरांनाही होतो हे लपवत नाही. कझान, निझनी, सारातोव, समारा, इथले एअरपोर्ट रात्रीचे काही तास अचानक बंद होतात आणि मोबाइल नेट पण जातं. घरच्या वायफायवर काम चालतं म्हणून घर घेताना फायबर आहे का ते बघा. व्हॉट्सॲपचे कॉल २०२५ पासून अडवलेत, इन्स्टा-फेसबुक त्याच्याही आधीपासून. आईवडलांशी रोज बोलायचं असेल तर दुसरी सोय आधी लावून ठेवा, ते लोक काळजीने अर्धे होतात.

कझान मला नवख्या भारतीयाला सगळ्यात आधी सुचवावंसं वाटतं. तातार लोकांमुळे वेगळ्या चेहऱ्याची, वेगळ्या धर्माची सवय आहे शहराला, मेट्रो आहे, १८०४ ची जुनी युनिव्हर्सिटी आहे, आणि आता आपलं कॉन्सुलेटही तिथे आलंय (२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कझान आणि येकातेरिनबुर्ग अशी दोन उघडली, त्याआधी मॉस्कोची एम्बसी आणि पीटर्सबर्ग-व्लादिवोस्तोक एवढंच होतं). फक्त कझान आता स्वस्त राहिलं नाही, पर्यटक वाढले, भाडी वाढली. येकातेरिनबुर्गचंही तसंच. खरं स्वस्त हवं तर सारातोव, पेन्झा, उल्यानोव्स्क, इझेव्स्क. पण तिथे इंग्रजी बोलणारा माणूस शोधायला दिवस जाईल, तुमच्या क्षेत्रातली नोकरी मिळणं अवघड, आणि मायग्रेशन ऑफिसातल्या बाईने बिझनेस किंवा तज्ज्ञ परमिटवाला भारतीय आधी पाहिलेला नसेल तर ती सेफ बाजूला राहून नाहीच म्हणते. माझं मत असं की दहा लाख लोकवस्तीच्या आतलं शहर पहिल्या वर्षी घेऊच नये, अपवाद फक्त युनिव्हर्सिटीतून जाणाऱ्यांचा. त्वेर त्या अपवादात बसतं. मॉस्कोपासून लोकल ट्रेनने दोनेक तास, मेडिकलची आपली मुलं आहेत, भाडी हलकी. चौलला पंधराव्या शतकात येऊन उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन तिथलाच, व्होल्गाच्या काठावर त्याचा मोठा पुतळा आहे. रेवदंड्यालाही त्याचं स्मारक आहे, अलिबागला जाता-येता बघितलं असेल.

निझनीबद्दल मी पक्षपाती आहे हे आधीच सांगते. सोव्हिएत काळात याचं नाव गोर्की होतं आणि परदेशी माणसाला इथे यायलाच बंदी होती, म्हणूनच सरकारवर टीका करणाऱ्या साखारोव्ह या शास्त्रज्ञाला १९८० ते ८६ इथे आणून ठेवलं, की परदेशी पत्रकार पोचू नयेत. आता मॉस्कोहून ट्रेनने चार तास, मेट्रो आहे, आयटीची जुनी परंपरा आहे. शहर दोन भागांत, ओका नदीच्या अलीकडे उंचावरचं जुनं गाव, पलीकडे सपाटीवर कारखान्यांचं. स्वस्त घरं सपाटीला. अजून स्वस्त हवं तर व्होल्गापलीकडे बोर, तिथे २०१२ पासून केबल कार आहे, साडेतीन किलोमीटरच्या वर, लोक रोज नोकरीला तिच्यातून जातात. पण जोराचा वारा सुटला की बंद होते, आणि मग पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये बसा.

थंडीबद्दल सगळे विचारतात, मी म्हणते थंडीला घाबरू नका, अंधाराला घाबरा. घरात २४-२५ डिग्री असतं, जुन्या बिल्डिंगमध्ये रेडिएटरला बटणच नसतं त्यामुळे बाहेर उणे वीस आणि आपण खिडकीची झडप उघडून टीशर्टवर बसलेलो. पण डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतं, आठवडेच्या आठवडे सूर्य नाही. नाशिकचं माणूस याला तयार नसतं. नोकरीत नसलेली, भाषा न येणारी बायको त्या अंधारात दिवसभर घरात एकटी, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि परत गेलेल्यांतली कितीतरी जणं याच कारणाने गेलीत, पैशामुळे नाही. म्हणून वहिनींनाही तुमच्यासोबत भाषा शिकू द्या, तुमच्याआधी शिकल्या तर उत्तमच. आणि मे-जूनमध्ये शहर बघून निर्णय घेऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. ई-व्हिसावर जानेवारी-फेब्रुवारीत या, महिनाभर साध्या वस्तीत भाड्याने राहा, मॉल नाही, प्यातेरोच्का-मग्नीत या साध्या किराणा दुकानांत सामान घ्या, घसरत घसरत बसस्टॉपला जा.

खाण्याचं फार अडत नाही. बाजारात उझबेक-ताजिक लोकांचे गाळे असतात, आमच्याकडे स्टेशनजवळच्या कानाविनो बाजारात आहेत, तिथे सुटं जिरं, कोथिंबीर, मूग, छोले सगळं मिळतं. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला आणा. पोळीचं मात्र लक्षात ठेवा. दुकानात समोर लावलेलं "विस्शी सोर्त"चं पीठ म्हणजे मैदा, त्याची पोळी तव्यावर फुगते आणि ताटात पोचेपर्यंत चामडं होते. पाकिटावर "त्सेल्नोझेर्नोवाया" (अख्ख्या गव्हाचं) लिहिलेलं बघून घ्या, तेही थोडं भरड असतं, जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं की जमतं.

रस्त्यावर पोलीस कागद विचारतात, मेट्रोत, बाजारात. २०२४ च्या मार्चमधल्या मॉस्कोच्या क्रोकस हॉलवरच्या हल्ल्यानंतर जास्तच. आपण त्यांना मध्य आशियातले वाटतो. पासपोर्ट आणि तो फाडलेला तुकडा जवळ असला की दोन मिनिटांत सोडतात, आवाज चढवू नका आणि नोट पुढे करू नका.

मुलीच्या शाळेचं सगळ्यात शेवटी लिहितेय पण तुमच्यासाठी निर्णय यावरच अडणारे. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी मुलांना सरकारी शाळेत घेण्याआधी रशियन भाषेची चाचणी असते, आणि आईवडलांचे कागद कायदेशीर असल्याचं दाखवावं लागतं. चाचणीत नाही जमलं तर तीन महिन्यांनी पुन्हा. आधी मुलं वर्गात बसून वर्षभरात शिकायची, आता ती सोय गेली. भारतीय अभ्यासक्रमाचं केंद्रीय विद्यालय फक्त मॉस्कोत आहे. म्हणजे मुलीला नाशिकमध्येच रशियन सुरू करायला हवं, आत्ता, ऑनलाइन का होईना. सात-आठ वर्षांचं पोर वर्षभरात तेवढं शिकतं, तुम्हाला नाही जमणार तेवढ्यात.

राहिला तो एजंट. तीन लाखात तो तुम्हाला इन्व्हिटेशन आणि एक व्हिसा देईल, जे अधिकृत रस्त्याने त्याच्या एका छोट्या हिश्शात होतं. त्याला विचारा की व्हिसाचा प्रकार कुठला, बोलावणारी संस्था कुठली, नोंदणी कोण करणार. तिन्हीची लेखी उत्तरं नसतील तर पैसे देऊ नका. आणि "तिथे गेल्यावर नोकरी लावून देतो, सही तिकडेच करा" असं म्हणाला तर ताबडतोब उठा. असंच सांगून नेलेली आपली मुलं रशियन सैन्याच्या करारावर सह्या करून बसली, २०२४ मध्ये सीबीआयने त्यात गुन्हा दाखल केला, पंतप्रधानांना मॉस्कोत तो विषय काढावा लागला. रशियनमधला कुठलाही कागद, अगदी हॉस्टेलचा फॉर्म असला तरी, स्वतःच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नाही. रशियन नागरिकत्वाच्याही मागे लागू नका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि नवीन नागरिक झालेल्या पुरुषाला आधी सैन्याच्या नोंदणी ऑफिसात जावं लागतं.

तर आधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. ते "नाही" आलं तर पोदफाकचं बघू, प्रवेशाची कागदपत्रं वसंतापासून घेतात आणि सरकारी स्कॉलरशिपची माहिती मुंबईत पेडर रोडच्या रशियन हाउसमध्ये फुकट मिळते. "हो" आलं तर कुठल्या व्हिसावर ते मला सांगा, मग निझनी की कझान ते बोलू.